घरची मोटार, भाड्याचे उतारू आणि विमा

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव लागते. घोडेश्वरी देवीचे हे गाव कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. परंतु पुण्या-मुंबईच्या मंडळींना ते ठाऊक असते ते शनिशिंगणापूरचा फाटा म्हणून. येथून शिंगणापूर अवघे पाच-सहा किलोमीटर. शनिवारी, आणि त्यातही शनी अमावास्येला, या फाट्यावर यात्रेकरूंची रीघ लागते. एस.टी.तून उतरलेल्या माणसाला पुढे जाण्यास वाहन हवे असते, आणि रस्त्याकाठच्या घरांपुढे वाहने उभी असतात.

आता श्रोतेहो, अशी कल्पना करा की या गावातील एका कांदा-उत्पादक कुटुंबाने कर्ज काढून मोटार घेतली आहे. आठवड्याचे सहा दिवस ती दारात उभी असते, किंवा फार तर घरच्या कामाला जाते. शनिवारी मात्र घरातील कर्ता मुलगा चार उतारू बसवून शिंगणापूरची खेप करतो, कधी शिर्डीपर्यंत जातो, आणि संध्याकाळी इंधनाचा खर्च वजा जाता काही रुपये घरी आणतो. बँकेचा हप्ता त्यातून सुटतो. यात कोणाचे काय बिघडले, असे आपणांस वाटेल. पुण्यात किंवा ठाण्यात नोकरी सांभाळून रात्रीचे चार तास मोबाईलवरील टॅक्सीसेवेसाठी गाडी चालवू इच्छिणाऱ्या तरुणाचा प्रश्नही हाच आहे. परवान्याविना भाडे घेणे कायद्याला मान्य नाही, ही गोष्ट बहुतेकांना अंधूकपणे माहीत असते. त्या भाड्यापायी गाडीच्या विम्याचे काय होते, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते. आणि आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

विम्याविषयी एक गैरसमज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. गाडीचा विमा उतरविला म्हणजे गाडी सुरक्षित झाली, मग ती कोठेही जावो, कोणीही बसो, असे आपण धरून चालतो. वस्तुतः विमा कंपनी गाडीचा विमा घेत नाही. एका विशिष्ट उपयोगात असलेल्या गाडीच्या जोखमीचा विमा घेते. घरची मोटार दिवसातून तास-दीड तास धावते, बहुधा मालकच चालवितो, आणि बरोबर त्याची बायकामुले असतात. भाड्याची मोटार पहाटेपासून रात्रीपर्यंत धावते, खेपेमागे खेप करण्याची घाई तिला असते, आणि आत परकी माणसे बसलेली असतात. दोघींच्या अपघाताचा संभव सारखा नाही, म्हणून दोघींचा हप्ताही सारखा नाही.

म्हणूनच खासगी मोटारीच्या प्रमाणित विमापत्रात उपयोगाच्या मर्यादा सांगणारे एक वाक्य छापलेले असते. त्याचा आशय असा, की ही गाडी कोणत्याही कामास वापरता येईल. अपवाद भाड्याचा वा मोबदल्याचा, मालवाहतुकीचा, शर्यतींचा, वेगाच्या चाचण्यांचा आणि मोटारींच्या व्यापाराचा. पुढे सर्वसाधारण अपवादांत पुन्हा स्पष्ट केलेले असते की या मर्यादेबाहेर गाडी वापरली जात असताना जे घडेल त्याची जबाबदारी कंपनीवर नाही. हा अपवाद साऱ्या विमापत्राला लागू आहे. गाडीच्या दुरुस्तीला लागू आहे, तसाच मालकाच्या स्वतःच्या अपघात-विम्यालाही. हा अपघात-विमा २०१८ पासून किमान पंधरा लाख रुपयांचा झाला, आणि घरातील कर्ता पुरुष गेला तर त्याच्या बायकोमुलांना तोच आधार असतो.

हा भेद काही आजचा नव्हे. आपल्या देशात १९३९ साली मोटार वाहनांचा कायदा झाला, आणि त्यातील त्रयस्थांच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. त्यानंतर दोन वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तोपर्यंत या भागातील प्रवास खासगी सर्व्हिस मोटारींवर चाले. परवाना कोणाचा, भाडे कोणी घ्यावे आणि अपघात झाल्यास भरून कोणी द्यावे, हे प्रश्न त्या काळीही होतेच. सध्याचा कायदा १९८८ चा आहे. त्याने विमा सक्तीचा ठेवला, आणि भाड्यासाठी परवाना नसलेली गाडी भाड्याने चालविली गेल्यास विमा कंपनीला न्यायालयात बचाव मांडण्याची मुभाही ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही तरतूद कलम १५० मध्ये आहे.

आता आपण त्या शनिवारच्या खेपेकडे परत येऊ. समजा, फाट्यावरून वळताना ही मोटार एका सायकलस्वारावर आदळली. सायकलस्वार म्हणजे कायद्याच्या भाषेत त्रयस्थ. त्याचा या भाड्याशी काही संबंध नाही, आणि गाडीत कोण कशासाठी बसले आहे हे त्याला कळण्याचाही मार्ग नाही. कायद्याची सहानुभूती त्याच्याकडे आहे, आणि ते योग्यच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात वाहन चालविण्याच्या परवान्याच्या वादावर निर्णय देताना एक वाट दाखविली. विमापत्राच्या शर्तीचा भंग झाला असला, तरी कंपनीने जखमी माणसास आधी रक्कम द्यावी आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, अशी ही वाट आहे. अन्य शर्तभंगांच्या दाव्यांतही न्यायाधिकरणे पुष्कळदा तिचाच अवलंब करतात.

यावरून मालकास हायसे वाटण्याचे कारण नाही. सायकलस्वाराला पैसे मिळाले. पण ते अखेर मालकाच्याच डोक्यावर बसले. कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे अशी रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. शेतकऱ्याच्या घरी याचा अर्थ सांगावा लागत नाही. अपघात मोटारीचा झाला, आणि बोजा सातबाऱ्यावर चढला! मृत्यूच्या दाव्यात भरपाई ठरविताना मृताचे वय, त्याची मिळकत, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे हे सारे हिशेबात धरतात; मिळवता तरुण गेला असेल तर ती रक्कम लाखांच्या घरात सहज जाते. शनिवारच्या खेपांतून ती कधी फिटणार?

सर्वांत विलक्षण स्थिती आहे ती आत बसलेल्या उतारूंची, आणि आपणांपैकी बहुतेकांचा संबंध याच जागेशी येणार आहे. मोटारीचा विमा दोन प्रकारचा असतो. एक केवळ कायद्यापुरता, म्हणजे त्रयस्थांपुरता, दुसरा सर्वसमावेशक. केवळ कायद्यापुरत्या विम्यात खासगी गाडीत बसलेल्या पाहुण्याचा समावेश होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निर्णय आहे. सर्वसमावेशक विम्यात मात्र तो होतो. विमा नियामकाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने कंपन्यांना तसे बजावले, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही या दोन विम्यांतला हा भेद मान्य केला. म्हणजे मालकाने सर्वसमावेशक विमा घेतला असेल, तर त्याने सहज म्हणून गाडीत घेतलेल्या शेजाऱ्याला संरक्षण आहे.

पण त्याच कलमात कंसात एक अट घातलेली आहे: आत बसलेली माणसे भाड्याने वा मोबदल्यासाठी नेली जात नसावीत. एकाच मोटारीत, एकाच बाकावर, डावीकडे मालकाचा मामेभाऊ फुकट बसला आहे आणि उजवीकडे पुण्याचे एक गृहस्थ भाडे देऊन. गाडी उलटली, दोघांचेही पाय मोडले. विमापत्राचे शब्द पाहता भाडे मोजणारा उतारूच उघड्यावर पडतो. आणि भाड्याच्या खेपेत गाडी चालली होती म्हणून मामेभावाच्या दाव्यालाही कंपनी हरकत घेऊ शकते. गृहस्थांचा हक्क बुडत नाही. मालकावर दावा लावता येतो आणि तो निकालात निघूही शकतो. परंतु ज्याची मोटारच कर्जावर आहे, त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा हाती घेऊन किती वर्षे बसावे लागेल, हे कोणी सांगावे?

येथे पुष्कळांच्या मनात एक युक्ती येते. भाडे दिले हे सांगावयाचेच कशाला? आम्ही पाहुणे होतो, असे सांगितले की झाले. शर्तभंग सिद्ध करण्याचे ओझे विमा कंपनीवर असते हे खरे, आणि पूर्वी ते तिला जड जात असे. आज तसे राहिलेले नाही. भाडे फोनवरून मालकाच्या खात्यात जमा होते, आणि त्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते. मोबाईलवरील सेवेतून आलेली खेप असेल तर कोठून बसले, कोठे उतरावयाचे होते आणि किती पैसे ठरले, सारे लेखी असते. शिवाय अपघातानंतर पोलिसांपुढे होणारा पहिला जबाब कोणी पढवून आणलेला नसतो. नाशिकच्या बाईंना घोडेगावच्या मालकाचे नाव देखील सांगता येत नाही, मग त्या कसल्या पाहुण्या?

मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीबाबत न्यायालयांनी थोडी दया दाखविली आहे. खासगी म्हणून विमा उतरविलेली एक स्कॉर्पिओ टॅक्सीसारखी वापरली जात असताना चोरीस गेली. कंपनीने दावा फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००८ साली न्यायालयाने असे म्हटले की चोरीचा आणि भाड्याचा संबंध नाही. दाव्याच्या ७५ टक्के रक्कम देण्याचा खालचा आदेश कायम राहिला. २०१० च्या दुसऱ्या प्रकरणात खासगी गाडी भाड्याने दिली असताना अपघात झाला. पाच लाखांच्या मागणीवर न्यायालयाने अडीच लाख देवविले आणि दावा सर्वस्वी फेटाळणे चूक ठरविले. या निकालांचा आधार घेऊन काही दलाल गिऱ्हाइकांना सांगतात की भाडे केले तरी पाऊण रक्कम कोठे जात नाही. हा सल्ला धोक्याचा आहे. हे निकाल गाडीच्या नुकसानीपुरते आहेत, सायकलस्वाराच्या वा उतारूच्या दाव्याचे नव्हेत. आणि तेही वर्षानुवर्षे भांडून मिळालेले आहेत. तोवर बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. तेथे खासगी मोटारींचे मालकच फावल्या वेळी मोबाईलवरील सेवेसाठी गाड्या चालवू लागले. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात अशा एका मोटारीखाली सहा वर्षांची मुलगी सापडून मरण पावली. चालकाच्या गाडीत त्या वेळी उतारू नव्हता. तो पुढच्या भाड्याच्या प्रतीक्षेत होता. उतारू नव्हता म्हणून जबाबदारी आमची नाही, अशी भूमिका टॅक्सीसेवेने घेतली. आणि भाड्याच्या शोधात निघालेल्या गाडीला घरगुती विमा कसा लागावा, हाही पेच होताच. त्या पोकळीवर कॅलिफोर्निया राज्याने २०१४ मध्ये कायदा केला आणि तो १ जुलै २०१५ पासून अमलात आणला. त्याने चालकाच्या वेळेचे तुकडेच पाडले. फोनवरील सेवा बंद असेल तर घरचा विमा. सेवा चालू आहे पण भाडे ठरलेले नाही, तेव्हा इजेबद्दल माणशी किमान पन्नास हजार आणि एका अपघाताला एक लाख डॉलर्सचे संरक्षण. भाडे स्वीकारल्यापासून उतारू उतरेपर्यंत दहा लाखांचे. एकच माणूस, एकच गाडी, आणि एका संध्याकाळीत तीन विमे! ही व्यवस्था गुंतागुंतीची आहे. पण अर्धवेळ चालकाचे आयुष्यही तसेच असते, हे तिने ओळखले आहे.

आपल्याकडे घड्याळ पाहिले जात नाही, पाटी पाहिली जाते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी असते; तिच्यावर पांढरी अक्षरे असतील तर गाडी खासगी, पिवळी असतील तर भाड्याची. गाडी एक तर या वर्गात, नाही तर त्या. मधली पायरी काढण्याचा प्रयत्न केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत केला होता. खासगी मोटारीत सहप्रवासी घेण्यास मुभा, पण शहरात दिवसाला चार आणि परगावी आठवड्याला दोन फेऱ्यांपर्यंतच. आणि सहप्रवाशांसाठी किमान पाच लाखांचा विमा. राज्यांना हे नाकारण्याचा अधिकार होता, आणि महाराष्ट्राने १९ जानेवारी २०२३ रोजी खासगी वाहनांच्या अशा वापरास मनाई केली. पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्राने नवी तत्त्वे काढली आणि राज्याचे धोरणही त्या वर्षी बदलू लागले. तेव्हा सहप्रवासी घेण्यापूर्वी त्या घटकेस कोणता नियम लागू आहे, हे परिवहन कार्यालयात विचारून घेणे इष्ट. नियमाने मुभा दिली म्हणजे विमापत्रातील वाक्य आपोआप पुसले जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. याच तत्त्वांत सेवा चालविणाऱ्या कंपनीने चालकासाठी पाच लाखांचा आरोग्यविमा आणि दहा लाखांचा आयुर्विमा उतरवावा असे सांगितले आहे. चांगलीच गोष्ट, परंतु तो विमा चालकाच्या देहाचा आहे, मोटारीचा नव्हे.

मग पिवळी पाटी का घेऊ नये? हप्ता फार पडतो, हे नेहमीचे उत्तर. तो हिशेब एकदा मांडून पाहू. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे हजार ते पंधराशे सी.सी.च्या खासगी मोटारीला त्रयस्थ-विम्याचा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये. तशाच टॅक्सीला ७,९४० रुपये, शिवाय प्रत्येक उतारूमागे ९७८. चार उतारूंचे ३,९१२ धरले तर एकूण ११,८५२. कर दोन्हींवर वेगळा. म्हणजे साडेतीन पटीच्या आसपास. पण फरकाची रक्कम ८,४३६ रुपये. दिवसाला सुमारे २३. रोज गाडी चालविणाऱ्याला हे जड नाही. आमच्या शनिवारच्या चालकाला मात्र वर्षाच्या बावन्न दिवसांवर ती वाटावी लागते, आणि मग एका शनिवारचे १६२ रुपये होतात. तरीही हप्ता ही काही खरी अडचण नव्हे. मोटार भाड्याच्या वर्गात न्यावयाची म्हणजे परवाना काढणे आले, कर्ज देणाऱ्या बँकेची संमती आली, योग्यता-प्रमाणपत्र आले. ते गाडीच्या पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी नवे करावयाचे. विकावयास काढल्यास पिवळ्या पाटीच्या गाडीला किंमतही कमी येते. एका शनिवारासाठी सातही दिवस टॅक्सीवाला व्हावे लागते.

माझ्या मते दोष येथे आहे. सहा दिवस घरची आणि एक दिवस भाड्याची अशी मोटार आपल्या कायद्याला आणि विम्याला दिसतच नाही. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये गाडी जितकी चालेल त्या मानाने हप्ता घेण्याची योजना कंपन्यांना मोकळी करून दिली. तीत किलोमीटर मोजले जातात. ती किलोमीटरे कशासाठी झाली हे मोजले जात नाही. घोडेगावच्या शेजारचे शिंगणापूर दारांना कुलुपे न लावणारे गाव म्हणून जगभर गाजले, आणि २०११ साली युको बँकेने तेथे कुलुपाविना शाखा उघडली तेव्हा त्याची देशभर वार्ता झाली. बँकेला जर गावाकडे पाहून आपला शिरस्ता मोडता आला, तर विमा कंपन्यांना परवानाधारकासाठी दिवसाच्या हिशेबाचा विमा काढणे अशक्य का असावे? परवान्याच्या कायद्याने मात्र आधी तसे दार उघडले पाहिजे.

ते उघडेपर्यंत शहरातील कुटुंबाने काय पाहावे? गाडीत बसण्यापूर्वी पाटी पाहावी, हे पहिले. सरकारच्या एम-परिवहन या सेवेत गाडीचा क्रमांक घातला की ती कोणत्या वर्गातील आणि तिचा विमा केव्हापर्यंत आहे, हे दोन मिनिटांत समजते. सहा जणांच्या सहलीसाठी ओळखीतून गाडी ठरविताना आपण भाव पुष्कळ करतो; हा प्रश्न मात्र विचारावयास संकोचतो.

ज्यांच्या स्वतःच्या दारात मोटार आहे त्यांचा प्रश्न थोडा निराळा. कचेरीत जाताना शेजारच्या दोघांना बरोबर घेणे आणि महिनाअखेर त्यांनी पेट्रोलचा वाटा देणे, हे भाडे होते काय? इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यात याचे स्वच्छ उत्तर आहे. गाडीत आठांहून अधिक उतारूंची सोय नसावी, वाटे आधी ठरलेले असावेत, आणि त्यांची बेरीज गाडीच्या खर्चाहून अधिक नसावी; मग ते भाडे नव्हे. आपल्या प्रमाणित विमापत्रात असा खुलासा छापलेला नाही. म्हणून ज्यांचा हा नित्यक्रम आहे त्यांनी कंपनीला पत्र लिहून लेखी उत्तर मागवावे आणि ते विमापत्राला टाचून ठेवावे. भाचा किंवा ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी गाडी मागून नेत असेल, तर ती कोठे फिरते याची चौकशी करण्यात कमीपणा मानू नये. भरपाईचा हुकूम निघेल तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरही निघेल.

आणि ज्याने पिवळी पाटी घेण्याचे ठरविले आहे त्याला एक दिलाशाची गोष्ट. हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना असलेल्या माणसाला साडेसात हजार किलोपर्यंतचे भाड्याचे वाहन वेगळ्या शेऱ्याविना चालविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. तेव्हा विमा कंपनीचा एक जुना आक्षेप तरी मिटला. गाडीचा वर्ग बदलला की त्याच दिवशी कंपनीला कळवून विमापत्र बदलून घ्यावे. नवे पत्र हाती आले की त्यातील ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ या मथळ्याखालच्या ओळी कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी वाचाव्यात. त्या बारीक टाईपात असतात. चष्मा बरोबर न्यावा.